८, ४०, ४४ : एका नेटवर्कला बंद पाडणारे तीन निरोप

आजच्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलच्या गर्दीत अर्धंच ऐकून झालं, त्यांच्यासाठी. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे काय की' तेवढे काढून टाकलेत.

चला, सुरुवात करू.

४ ऑक्टोबर २०२१. सोमवार. रात्रीचे नऊ वाजून गेलेत, जेवणं उरकलीत आणि आपण सगळे फोन घेऊन पडलोय. अचानक व्हॉट्सॲपवर मेसेज जाईना. एकच घड्याळ दिसतंय, टिक येतच नाही. मग आपण काय केलं? आठवतंय? आधी वायफाय बंद करून चालू केलं. मग डेटा बंद करून चालू केला. मग फोनच बंद करून चालू केला. काहींनी तर रिचार्ज संपला का तेही बघितलं. इन्स्टाग्रामही बंद, फेसबुकही बंद. आणि 'बंद पडलंय का रे?' हे विचारायचं कुठे, तर व्हॉट्सॲपवर!

बिघाड आपल्या फोनमध्ये नव्हताच. तो होता त्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये, आणि तो सुधारायला साधारण सहा तास लागले. जगातले उत्तमोत्तम इंजिनिअर, हवा तेवढा पैसा, आणि तरी सहा तास. का?

याचं उत्तर शोधायचं तर आपल्याला मागे जावं लागेल. बरंच मागे. कारण असाच एक सोमवार त्याआधी ४१ वर्षांपूर्वी येऊन गेला होता, तोही ऑक्टोबरमधलाच. आजची गोष्ट त्या दोन सोमवारांची आहे, आणि मधल्या काळात नेटवर्क सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे ठेचा खात खात शिकलेल्या माणसांची.

पहिली रात्र : फोन हातात धरून

२९ ऑक्टोबर १९६९. अमेरिकेतलं लॉस एंजेलिस. यूसीएलए विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा एक विद्यार्थी कॉम्प्युटरसमोर बसलाय. त्याला उत्तरेला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या, म्हणजे एसआरआयमधल्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचंय. या दोन यंत्रांच्या मध्ये आहे एक नवं कोरं नेटवर्क, अर्पानेट. आजच्या इंटरनेटचं पूर्वज.

क्लाइनने 'लॉगिन' शब्दातलं पहिलं अक्षर टाइप केलं, एल. पोहोचलं. दुसरं अक्षर, ओ. तेही पोहोचलं. तिसरं टाइप केलं आणि समोरची सिस्टीम कोसळली. म्हणजे जगातल्या या थोर नेटवर्कवरचा पहिला संदेश काय, तर दोन अक्षरं आणि एक क्रॅश. साधारण तासाभराने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा लॉगिन झालं.

पण मला या गोष्टीतला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. अक्षर पोहोचलं हे क्लाइनला कळत कसं होतं? तर पलीकडच्या माणसाशी तो त्याच वेळी साध्या टेलिफोनवर बोलत होता! 'एल आला का?' 'आला.' 'ओ आला का?' 'आला.'

म्हणजे बघा, पहिल्या रात्रीपासून नेटवर्क चालवणाऱ्यांच्या हातात नेटवर्कच्या बाहेरची एक वेगळी वाट होती. ही गोष्ट डोक्यात ठेवा. शेवटी आपण इथेच परत येणार आहोत.

नेटवर्कची नाडी बघणारी खोली

त्या वर्षाच्या अखेरीस अर्पानेटवर चार ठिकाणं जोडली गेली. प्रत्येक ठिकाणी फ्रिजएवढं एक पोलादी कपाट होतं. त्याला म्हणायचे 'इम्प'. आज तुमच्या घरात वायफायचा जो राउटर लुकलुकत असतो ना, त्याचे हे पणजोबा. काम एकच : आलेला निरोप बघायचा, तो कुणासाठी आहे ते ओळखायचं आणि योग्य तारेवर पुढे ढकलायचा.

हे इम्प बनवले होते मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या बीबीएन या कंपनीने. पहिले चारही इम्प बसवले देशाच्या पश्चिम भागात, आणि बनवणारे बसलेत पूर्व किनाऱ्यावर, हजारो किलोमीटर दूर. आता एखादं कपाट बिघडलं तर रोज विमानाने कोण जाणार?

म्हणून बीबीएनने एक हुशारी केली. प्रत्येक इम्प ठरावीक वेळाने आपली तब्येत आपणच कळवायचा. 'मी चालू आहे, माझ्या अमुक तारा ठीक आहेत, तमुक तारेवर गडबड आहे.' हे सगळे अहवाल केंब्रिजमधल्या एका खोलीत यायचे. तिचं नाव नेटवर्क कंट्रोल सेंटर. अॅलेक्स मॅकेन्झी यांच्या देखरेखीखाली ही खोली चोवीस तास चालायला लागली.

आणि मग एक गंमत सुरू झाली. बीबीएनची माणसं टेलिफोन कंपनीला फोन करून सांगायची, 'तुमची तिकडची अमुक लाइन खराब व्हायला लागलीय.' कंपनीची माणसं चक्रावायची. लाइन आमची, ती इतक्या दूरच्या राज्यात, आणि ती बिघडल्याचं आम्हाला कळायच्या आधी यांना कसं कळलं?

नेटवर्क व्यवस्थापनाचा पहिला धडा तो हाच. ग्राहकाची तक्रार येण्याआधी बिघाड आपल्याला कळला पाहिजे. आज कुठल्याही बँकेच्या किंवा मोबाइल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन असतात, त्यावर हिरवे-लाल ठिपके असतात. त्या सगळ्या खोल्या या एका खोलीच्या लेकी-नाती आहेत.

एका बाईंची वही

आता दुसरा प्रश्न. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. पण नंबर लक्षात कोण ठेवणार? आपण आईचा मोबाइल नंबरही 'आई' नावाने सेव्ह करतो. तिथेही तेच. यंत्रांना नावं दिली, आणि कुठलं नाव म्हणजे कुठला नंबर याची एक यादी केली.

ही यादी सांभाळायचं काम एसआरआयमधल्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरकडे होतं आणि त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना 'जेक' म्हणायचे. शिक्षण रसायनशास्त्रातलं, कॉम्प्युटरचं नव्हे. पण माहिती नीट लावून ठेवणं, कुणालाही पटकन सापडेल अशी ठेवणं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९७२ मध्ये त्या या कामात आल्या आणि १९८९ पर्यंत त्यांनी हे केंद्र सांभाळलं.

यादीची पद्धत साधी. तुम्ही नवं यंत्र जोडलं की जेकबाईंच्या केंद्राला कळवायचं. तिथे एका फाइलमध्ये नाव आणि नंबर चढवला जायचा. मग बाकीच्या सगळ्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. बस्स. अख्ख्या नेटवर्कचा पत्ता एका फाइलमध्ये! आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल असते. ती त्या जुन्या वहीची आठवण.

ऑगस्ट १९८१ मध्ये अशी २१३ यंत्रं होती. तोवर ठीक होतं. पण यंत्रं भराभर वाढायला लागली आणि वही अपुरी पडायला लागली. दोघांनी एकच नाव मागितलं तर? फाइल उतरवून घेईपर्यंत तिच्यातले पत्ते बदलले तर? आणि सगळ्या जगाने एकाच यंत्राच्या दारात रांग लावली तर त्या यंत्राचं काय होणार?

१९८३ च्या नोव्हेंबरमध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यावर तोडगा मांडला. त्याला आपण डीएनएस म्हणतो. कल्पना आपल्या ओळखीची आहे. बघा, तुमच्या गावच्या जमिनीचा सातबारा पूर्वी कुठे मिळायचा? दिल्लीत? नाही. मंत्रालयात? नाही. तो गावच्या तलाठ्याच्या दप्तरात. दिल्लीला फक्त एवढं माहीत असलं तरी पुरे की महाराष्ट्राचं महाराष्ट्राला विचारा. महाराष्ट्र सांगेल जिल्ह्याला विचारा, जिल्हा सांगेल तालुक्याला, तालुका सांगेल तलाठ्याला. डीएनएसमध्ये असंच होतं. सगळ्यात वरच्या सर्व्हरला फक्त '.कॉम'चं दप्तर कुणाकडे आणि '.इन'चं कुणाकडे हे माहीत असतं. पुढचं ज्याचं त्याने सांभाळायचं.

यात नुसती तांत्रिक सोय नव्हती, तर जबाबदारीची वाटणी होती. एक वही, एक बाई, एक खोली इथून सुरू झालेलं काम जगभरच्या हजारो ॲडमिनच्या हातात गेलं. '.कॉम', '.गव्ह', '.एज्यु' ही जी शेवटची नावं आपण रोज बघतो, ती ठरवण्यातही फाइनलर यांच्या केंद्राचा वाटा होता.

पहिला सोमवार : २७ ऑक्टोबर १९८०

आता मी तुम्हाला थोडं मागे नेतो. डीएनएस यायच्या तीन वर्षं आधी. सोमवार, २७ ऑक्टोबर १९८०. या दिवशी अख्खं अर्पानेट कित्येक तास ठप्प झालं. कुणी हल्ला केला नव्हता. कुठे आग लागली नव्हती. तार तुटली नव्हती. मग?

मघाशी सांगितलं की इम्प आपली तब्येत कळवायचे. ते फक्त केंब्रिजच्या खोलीला कळवत नव्हते, एकमेकांनाही कळवत होते. 'माझ्याकडून अमुक दिशेला जायला इतका उशीर लागतोय' असे निरोप ते सगळीकडे पसरवायचे. गावात दवंडी पिटावी तसं. मग प्रत्येक इम्प त्यावरून ठरवायचा की आपला निरोप कुठल्या वाटेने पाठवायचा.

आता दवंडीत एक अडचण असते. एकच बातमी दोन-तीन वाटांनी तुमच्यापर्यंत येते. त्यातली नवी कुठली, जुनी कुठली? म्हणून प्रत्येक निरोपावर एक क्रमांक असायचा, ० ते ६३. ६३ झाले की पुन्हा ०. घड्याळासारखं. घड्याळात ११ नंतर १ येतो हे आपण सहज ओळखतो, कारण ११ पासून १ कडे जायचा पुढचा रस्ता जवळचा आहे. इम्पही तसंच करायचे. एखादा आकडा पुढच्या दिशेने अर्ध्या वर्तुळाच्या आत, म्हणजे ३२ पावलांपर्यंत असेल, तर तो नवा.

त्या दिवशी काय झालं? ५० क्रमांकाच्या इम्पकडून एक निरोप निघाला. त्यावर क्रमांक होता ४४. शेजारच्या २९ क्रमांकाच्या इम्पची मेमरी त्या दिवशी खराब झाली होती, तिच्यातून बिट गळत होते. ४४ हा आकडा कॉम्प्युटरच्या भाषेत १०११००. त्यातला एक '१' गळून '०' झाला की होतो १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळला की ००१०००, म्हणजे ८.

झालं! एकाच ५० नंबरच्या नावाने तीन निरोप फिरायला लागले. ८, ४० आणि ४४.

आता नियम लावून बघा. वही-पेन घ्या हवं तर. ४४ हा ४० नंतरचा, म्हणजे नवा. ४० हा ८ पासून बरोबर ३२ पावलं पुढे, म्हणजे तोही नवा. आणि ८? ४४ पासून ६४ पर्यंत २० पावलं, म्हणजे ० आला. तिथून ८ पर्यंत आणखी ८. एकूण २८ पावलं. म्हणजे ८ हा ४४ पेक्षा नवा!

दगड-कागद-कात्री खेळतो ना आपण, तसं. प्रत्येक जण दुसऱ्याला हरवतो, शेवटचा कुणीच नाही. इम्पला ८ आला, त्याने तो घेतला आणि शेजाऱ्यांना वाटला. मग ४० आला, 'अरे हा नवा', वाटला. ४४ आला, वाटला. पुन्हा ८. थांबायलाच तयार नाही. वर या निरोपांना सगळ्यात जास्त प्राधान्य दिलेलं, कारण ते तब्येतीचे निरोप, महत्त्वाचे! त्यामुळे बाकीच्या कामाला इम्पकडे वेळच उरला नाही. तारा चांगल्या असून 'बंद' दिसायला लागल्या.

आपण घरी करतो तो उपाय, म्हणजे बंद करून चालू करणं, इथे कुचकामी होता. एक इम्प कोरा करून चालू केला की शेजारी लगेच त्याच्या हातात तेच तीन निरोप ठेवणार. शेवटी बीबीएनच्या माणसांनी दुखणं ओळखलं आणि इम्पमध्ये एक छोटी दुरुस्ती घातली : 'सध्या ५० नंबरचं कुणी काही सांगितलं तरी ऐकू नका.' मग कुठे चक्र थांबलं.

पुढच्या वर्षी बीबीएनच्या एरिक रोझेन यांनी या दिवसाचा सविस्तर वृत्तांत लिहून सगळ्यांसाठी खुला केला. कुणाची चूक, कुणाला नोकरीवरून काढलं, असलं त्यात काही नाही. काय झालं, कसं झालं, आपल्याला काय दिसलं नाही, एवढंच. निरोप तारेवरून जाताना तपासला जायचा, पण मेमरीत पडून असताना तपासला जात नव्हता, हे त्यातून स्पष्ट झालं. आज चांगल्या कंपन्या प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर असाच कागद लिहितात. चूक झाकायची नाही, ती लिहून ठेवायची, म्हणजे पुढच्याला तीच ठेच लागत नाही.

पण मूळ धडा याहून मोठा आहे. नेटवर्कला ज्याने पाडलं, तो त्याच्या तब्येतीचाच निरोप होता. औषधानेच रोगी आजारी पडला.

हाक आणि ओ

१ जानेवारी १९८३ ला अर्पानेटने जुनी भाषा सोडून टीसीपी-आयपी ही नवी भाषा घेतली. तीच आजही तुमचा फोन बोलतो. पण नवी भाषा आली तशी नवी दुखणीही आली. तेव्हा माइक म्यूस नावाचा एक तरुण अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेत काम करत होता. १९८३ च्या डिसेंबरमध्ये त्याच्यापुढे नेटवर्कचं एक विचित्र वागणं आलं, आणि ते शोधायला त्याने एका बैठकीत एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव 'पिंग'.

पाणबुडी शोधायला समुद्रात आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून हे नाव. आपल्याकडे यासाठी जास्त गोड शब्द आहेत. हाक मारणं आणि ओ देणं. पिंग समोरच्या यंत्राला हाक मारतो, ते ओ देतं, आणि मध्ये किती वेळ गेला ते तुम्हाला कळतं. गेम खेळताना कोपऱ्यात '४० एमएस' वगैरे दिसतं ना, ती हीच गोष्ट.

म्यूसने स्वतः सांगितलेला एक किस्सा फार छान आहे. एका ठिकाणी नेटवर्क मधूनच बंद व्हायचं, मधूनच चालू. कुठली तरी केबल सैल होती, पण कुठली? तिथल्या ॲडमिनने पिंगला कॉम्प्युटरच्या आवाजाशी जोडलं. ओ आली की यंत्र मोठ्याने 'पिंग' म्हणणार. मग तो पठ्ठ्या इमारतभर फिरला, एकेक जोड हलवून बघत, कान देऊन. जिथे आवाज थांबला, तिथे दुखणं सापडलं!

चालत पाच मिनिटांचं अंतर

ऑक्टोबर १९८६. हो, पुन्हा ऑक्टोबर. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या टेकडीवर एक प्रयोगशाळा आहे आणि खाली विद्यापीठ. दोघांमध्ये जेमतेम ४०० यार्ड, म्हणजे साधारण ३६५ मीटर अंतर. चालत पाच मिनिटं. त्यांच्यातला नेटवर्कचा वेग होता सेकंदाला ३२ हजार बिट. एके दिवशी तो पडला सेकंदाला ४० बिटवर. म्हणजे सेकंदाला इंग्रजीची पाच अक्षरं. चिठ्ठी हातात घेऊन धावत गेलं असतं तर लवकर पोहोचली असती.

कारण काय? प्रत्येक यंत्राला वाटायचं, माझ्या पॅकेटची पोच आली नाही म्हणजे ते हरवलं, पुन्हा पाठवू. ते हरवलेलं नसायचं, गर्दीत अडकलेलं असायचं. मग गर्दीत आणखी भर. घाटात ट्रॅफिक अडकलं की प्रत्येक जण उलट्या लेनमधून गाडी घालतो आणि मग कुणालाच हलता येत नाही, अगदी तसं.

व्हॅन जेकबसन आणि माइक केरल्स यांनी यावर उपाय काढला आणि १९८८ मध्ये तो मांडला. तो आपल्या एका म्हणीत बसतो : अंथरूण पाहून पाय पसरावे. सुरुवात थोड्या पॅकेटने करा. पोच येतेय तोवर वाढवा. पोच येईनाशी झाली की ताबडतोब हात आखडता घ्या. कुणी पोलीस उभा नाही, कुणी सिग्नल नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी थोडा संयम ठेवायचा, एवढ्यावर अख्खं इंटरनेट उभं राहिलं.

याच जेकबसन यांनी 'ट्रेसराउट' हे हत्यारही लिहिलं. प्रत्येक पॅकेटवर त्याच्या आयुष्याचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट फेकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो, 'तुमचं पॅकेट माझ्या दारात गेलं.' जेकबसन यांनी काय करावं? मुद्दाम एक आयुष्य असलेलं पॅकेट पाठवलं, पहिल्या राउटरचा निरोप आला. दोन आयुष्याचं पाठवलं, दुसऱ्याचा आला. तीनचं, तिसऱ्याचा. असे निरोप गोळा करत करत पूर्ण वाटेचा नकाशा तयार!

१९८८ मध्येच एसएनएमपी नावाची पद्धत आली. केंब्रिजच्या त्या खोलीचं काम आता कुणालाही, कुठल्याही कंपनीच्या यंत्रांवर करता येऊ लागलं. आशाताई जशा घरोघरी जाऊन ताप आहे का, गोळ्या घेतल्या का विचारतात, तसा एक प्रोग्राम प्रत्येक यंत्राला विचारत फिरतो : किती ट्रॅफिक आहे, किती चुका झाल्या, किती वेळ चालू आहेस? फक्त त्यात परवलीचा शब्द बहुतेक ठिकाणी 'पब्लिक' असाच ठेवलेला असायचा आणि तो बदलायचं लोक विसरायचे. तुमच्यातलं कुणी हे काम शिकत असेल, तर पहिल्या दिवशी करायचं काम हे : आयते आलेले पासवर्ड बदला. घरच्या राउटरचासुद्धा!

जुहूतलं दप्तर

हे सगळं अमेरिकेत चाललं होतं तेव्हा आपल्याकडे काय होतं? १९८६ मध्ये भारतात अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेलं एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, या संस्था त्यात होत्या. एनसीएसटीचे प्रमुख होते श्रीनिवासन रमाणी.

८ मे १९८९ ला भारताला '.इन' हे नाव मिळालं, आणि त्याचं दप्तर कुणी सांभाळलं? याच जुहूच्या एनसीएसटीने. मघाचं तलाठ्याचं उदाहरण आठवा. अख्ख्या भारताच्या नावांचं दप्तर मुंबईच्या एका उपनगरात होतं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. म्हणजे आपल्याला इंटरनेट शब्द कळायच्या सहा वर्षं आधीपासून कुणीतरी आपलं नाव जपत बसलं होतं. पुढे २००५ मध्ये '.इन' सगळ्यांसाठी मोकळं झालं आणि ती जबाबदारी निक्सी या संस्थेकडे गेली.

दुसरा सोमवार

आता येऊ परत ४ ऑक्टोबर २०२१ वर.

कंपनीने दुसऱ्याच दिवशी जे झालं ते सांगितलं. नेटवर्कच्या नेहमीच्या देखभालीत एक आज्ञा दिली गेली. हेतू साधा, मुख्य तारांवर किती जागा शिल्लक आहे हे बघायचं. पण त्या आज्ञेने मुख्य तारांची जोडणीच तुटली. अशा आज्ञा अडवायला एक तपासनीस प्रोग्राम होता, पण त्यातच दोष निघाला. मग त्यांचे डीएनएस सर्व्हर, म्हणजे ती दप्तरं, यांच्या लक्षात आलं की आपला मुख्य केंद्राशी संपर्क नाही, म्हणजे आपलंच काहीतरी बिघडलंय. ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणे त्यांनी जगाला सांगितलं, 'आमच्याकडे येऊ नका.' नियम शहाणपणाचाच होता. फक्त सगळ्या दप्तरांनी एकाच वेळी तो पाळला. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, तिघांचाही पत्ता जगाच्या नकाशावरून पुसला गेला.

१९८० सारखंच झालं की नाही? नेटवर्कला सांभाळणाऱ्या गोष्टीनेच नेटवर्क पाडलं.

आणि दुरुस्तीला सहा तास का लागले? कारण इंजिनिअर ज्या साधनांनी दुरुस्ती करतात, त्यातली बरीचशी साधनं त्याच डीएनएसवर चालत होती. ती गेली. लांबून जाण्याची वेगळी वाटही बंद पडली. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. तिथली सुरक्षा इतकी कडक की आत जायला वेळ, आणि आत गेल्यावर त्या यंत्रांना हात लावायची परवानगी मिळवायलाही वेळ.

१९६९ च्या त्या पहिल्या रात्री क्लाइनच्या हातात टेलिफोन होता. नेटवर्क कोसळलं तरी फोन चालू होता. बावन्न वर्षांनी जगातल्या एका बलाढ्य नेटवर्कच्या इंजिनिअरांच्या हातातून तोच फोन सुटला होता.

कुणी विचारलं की नेटवर्क ॲडमिन काय करतो, तर 'राउटर बंद-चालू करतो' असं चेष्टेत म्हणतात. मला वाटतं तो चार साधे प्रश्न रोज विचारतो. सगळे ओ देतायत का? नाव आणि पत्ता जुळतोय का? गर्दी कुठे होतेय? आणि काल कुणी, काय बदललं? पण खरा कसबी ॲडमिन पाचवा प्रश्नही विचारतो : हे सगळं विचारायची माझी साधनंच बंद पडली तर माझ्याकडे दुसरी वाट कुठली? ती वाट मूळ नेटवर्कपासून वेगळी हवी, आणि संकट यायच्या आधी चालून बघितलेली हवी.

हे फक्त इंजिनिअरांसाठी नाही हं. त्या सोमवारी रात्री बाहेरगावी असलेल्या कित्येकांना घरच्यांशी बोलायला साधा फोन करता आला असता. पण नंबर पाठ नव्हता, होता तो फक्त व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये. म्हणून आज एक काम करा. घरच्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. वेळ लागेल एक मिनिट. तुमच्या नेटवर्कची ती दुसरी वाट.

आणि जमलं तर लॅपटॉप उघडून एकदा पिंग करून बघा. हाक मारा. कुठून तरी लांबून ओ येईल. ती ओ येत राहावी म्हणून या क्षणीही कुठल्या तरी खोलीत कुणीतरी जागं बसलेलं आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!